लावणी व्हिडिओ, उडीद वडे आणि मी

‘उडीद वडे कुरकुरीत होण्यासाठी काय करावे’.

हा प्रश्न मला विचारला गेलाय. म्हणजे मला नाही, गुगलला. आणि गुगलने, का कोण जाणे, त्या बिचाऱ्या जिवाला माझ्याकडे पाठवलं. (डाळ वाटून झालीये, पाहुणे दारात आहेत, असं आपलं मी गृहीत धरते.) माझ्याकडे म्हणजे माझ्या एका लेखाकडे. त्या लेखात उडीद नाही, वडे नाहीत, तेलाचा थेंबसुद्धा नाही. लेख आहे उरवडे नावाच्या गावावर.

उडीद वडे. उरवडे. पेटली ट्यूब?

झालं असं, की २०२२च्या जुलैमध्ये मी याच साप्ताहिकात एक वीकेंडछाप लेख लिहिला होता. मुळशी तालुक्यातलं उरवडे हे माझ्या मावशीचं सासर. कोथरूडमधून चांदणी चौक, भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट, आणि पिरंगुटहून आत वळलं की उरवडे. तिथे मी एक दिवस मावशीच्या खाचरात भातलावणीला गेले, गुडघाभर चिखलात उभी राहिले, कंबर मोडून घेतली आणि त्यावर हजार शब्द पाडले. मथळा दिला होता ‘उरवड्यातली लावणी’. फोटो सॉलिड आले होते. नंतर तो लेख वेबसाईटवर चढला आणि मी विसरून गेले.

वेबसाईट विसरली नाही. आमच्या डेस्कवरून दर महिन्याला सगळ्या फ्रीलान्सर मंडळींना एक एक्सेल शीट येते. (मानधन कधी येतं ते विचारू नका. शीट मात्र एक तारखेला हजर.) कुठले शब्द टाइप केल्यावर गुगलने तुमचा लेख दाखवला, किती जणांना दाखवला, त्यातल्या किती जणांनी खरंच क्लिक केलं, असे रकाने त्यात असतात. उद्देश उदात्त आहे: लोक काय शोधतात ते बघा आणि तसं लिहा. मी दोन-तीन वर्षं ती शीट न उघडताच डिलीट करत होते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी लाइट गेले होते, लॅपटॉपला थोडी बॅटरी होती, नेट नव्हतं. टीपी म्हणून जुनी डाउनलोड झालेली शीट उघडली.

पहिली ओळ, अर्थातच, ‘लावणी व्हिडिओ’. दुसरी ‘लावणी डान्स’. तिसरी ‘ठसकेबाज लावणी डाउनलोड’. म्हणजे ढोलकीच्या तालावर नऊवारीतली ठसकेबाज बाई बघायला निघालेला माणूस क्लिक करतो, आणि समोर काय, तर डोक्यावर इरलं घेऊन, ओचा खोचून, पाठमोरी वाकलेली माझी पासष्ट वर्षांची मावशी! शब्द एकच, स्पेलिंगही एकच. आता यात यंत्राची तरी काय चूक? पण ज्यांनी क्लिक केलं त्यांचे चेहरे मला बघायचेत. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्यांना म्हणावं या, दोन पेंड्या रोप लावा, मग नाचा कितीबी.’’

त्यानंतर ‘मुळशी पॅटर्न’वाले. प्रवीण तरडेंचा तो पिक्चर २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आला. तेव्हापासून ‘मुळशी’ हा शब्द ज्या पानावर असेल त्या पानाला त्या पिक्चरचे लोक धडकतात. ‘मुळशी पॅटर्न फुल मूव्ही’, ‘मुळशी पॅटर्न डायलॉग स्टेटस’, ‘मुळशी पॅटर्न खरी स्टोरी आहे का’. मग ‘अंतिम’ नावाने त्याचा हिंदी अवतार आला, त्याचेही काही जण वाट चुकून माझ्या खाचरात उतरलेत. मजा म्हणजे पिक्चर आहे जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या पोराचा. आणि शीटमध्ये ‘मुळशी पॅटर्न डायलॉग’च्या खालोखाल कोण आहे? ‘मुळशी एक गुंठा प्लॉट हप्त्याने’.

हे तुम्ही आहात. हसू नका. हिंजवडीतल्या, बाणेरमधल्या, खराडीतल्या एसी केबिनमध्ये बसून तुम्हीच हे टाइप करता. ‘उरवडे प्लॉट रेट’, ‘उरवडे एनए प्लॉट’, ‘उरवडे फार्महाऊस व्ह्यू’, ‘उरवडे ते हिंजवडी किती वेळ’. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. तेवढ्यात तुम्हाला बंगला, बाग, झोपाळा आणि डोंगराचा व्ह्यू हवाय. बरं, शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती शेतकरी नसलेल्याला सरळ घेता येत नाही, हे कळल्यावरचा शोधही शीटमध्ये आहे: ‘शेतकरी दाखला कसा काढायचा आजोबांचा सातबारा’. मीही एकदा हे टाइप केलंय, कबूल करते. आमच्या आजोबांचा सातबारा आजोबांनीच विकला होता, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

हे सगळं शीटमध्ये मराठीत असतं असं समजू नका. निम्म्याहून जास्त रोमन लिपीत. आणि उरवड्याचं स्पेलिंग ज्याने त्याने आपापल्या मनाने करायचं. डब्ल्यूवालं उरवडे, व्हीवालं उरवडे, मधला ए गिळलेलं ‘उर्वडे’, शेवटी दोन ई लावून लाडाने हाक मारल्यासारखं ‘उरवडीऽ’. सरकारी पाटीवर एक, गुगल मॅपवर दुसरं, प्लॉटवाल्याच्या फ्लेक्सवर तिसरं. देवनागरीत गोंधळ नसेल म्हणाल, तर तिथे आपलं व्याकरण आडवं येतं. नुसतं ‘उरवडे’ आपण बोलतो कधी? आपण उरवड्याला जातो, उरवड्यात राहतो, उरवड्याहून येतो. शाळेत ‘सामान्यरूप’ म्हणून पाच मार्कांना यायचं तेच हे. ‘पुण्यात’ म्हणजे पुणे, हे गुगल आता सराईतपणे ओळखतो, कारण ते लाखो जण विचारतात. पण ‘उरवड्यात’ म्हणजे उरवडे, हे समजायला त्याच्याकडे तेवढी माणसं आलेली नसतात. माझ्या शीटमध्ये तरी ‘उरवड्यात’ टाकणाऱ्यांना माझा लेख दिसलाय, ‘उरवडे’ टाकणाऱ्यांना फारसा नाही. कारण माझ्या मथळ्यातच ‘उरवड्यातली’ होतं! गाव लहान असलं की त्याचं विभक्तिरूपसुद्धा गरीब राहतं.

मास कॉमला असताना आमचे एक सर सांगायचे, की २०००च्या आसपास मराठी पेपरांच्या वेबसाईट होत्या, पण प्रत्येकाचा फॉण्ट वेगळा. स्क्रीनवर मराठी दिसायचं, आत कॉम्प्युटरच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा काला. त्यामुळे मराठी शब्द टाकून काही शोधायची सोयच नव्हती. बातमी असायची, सापडायची नाही. युनिकोड रुळल्यावर ते सुटलं. मग २०१६मध्ये जिओ आलं, २०१७च्या ऑगस्टमध्ये गुगलने मराठीत बोलून शोधायची सोय केली, आणि ज्यांना टाइप करणं म्हणजे डोक्याला शॉट वाटायचा तेही विचारायला लागले.

ते कसं विचारतात हे मात्र गुगलच्या यादीत दिसत नाही. गंमत आहे ही. जो शोध अगदी मोजक्या लोकांनी घेतलाय, तो गुगल साईटवाल्यांना दाखवतच नाही. खासगीपणा म्हणून. रकान्याची बेरीज कधी जुळत नाही ती यामुळेच. पूर्वी, म्हणजे २०११च्या आधी, असं नव्हतं. कोण काय टाइप करून आलं ते जवळपास सगळं साईटला कळायचं. मग त्यांनी ते हळूहळू बंद केलं आणि २०१३पर्यंत सगळ्यांसाठीच झाकलं. थोडक्यात, गुगलच्या यादीत जे दिसतं, ते एकट्यादुकट्याने विचारलेलं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण शीटला दुसरा टॅब आहे. आमच्या साईटची स्वतःची एक सर्च पट्टी आहे, वर कोपऱ्यात. तिथे टाकलेलं मात्र जसंच्या तसं उतरतं. आणि लोक तिथे माइक दाबून बोलतात. ‘अहो उरवड्याला शेवटची गाडी किती वाजता आहे’. अहो! मशीनला अहो! ‘गुगल दादा मुठा घाट आज चालू आहे का दरड पडली म्हणतात’. (दादा, हे गुगल नाही, हे लाइफस्टाइल साप्ताहिक आहे.) ‘लवासाला जाताना चांगला चहा’. हा प्रश्न रास्त आहे, पिरंगुटहून लवासाला जाणारा रस्ता उरवड्यावरूनच मुठा खोऱ्यात उतरतो आणि पुढे टेमघरकडे जातो. शनिवारी सकाळी बाइकवाल्यांची रांग लागते. ‘आंबेमोहोर ओरिजनल कसा ओळखायचा’. ‘भात लावायला माणसं पाहिजेत’. आणि एक नुसतंच, ‘चिखल्या बरा होत नाही’. हे मला फार आवडलं. पावसाळ्यात चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, त्याला चिखल्या म्हणतात. मला लावणीच्या दुसऱ्याच दिवशी झाला होता, पण लेखात लिहायला लाज वाटली. कुणालातरी तेच हवं होतं.

असं परक्याचं वाचणं बरोबर की चूक? हा प्रश्न मलाही पडला, कारण आम्हाला एथिक्सच्या पेपरला एक केस होती. २००६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीने संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले दोन कोटी शोध खुले केले. नावं काढली होती, प्रत्येकाला फक्त नंबर होता. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी ४४१७७४९ नंबरची व्यक्ती शोधून काढली. जॉर्जिया राज्यातल्या बासष्ट वर्षांच्या एक बाई. त्यांनी विचारलं काय होतं? बधिर झालेली बोटं, साठीतले एकटे पुरुष, आणि सगळीकडे शू करणारा कुत्रा. तीन ओळींत अख्खं घर डोळ्यांसमोर उभं राहतं ना? परीक्षेत मी ‘प्रायव्हसी’ या शब्दाखाली दोन रेघा मारून नऊ मार्क घेतले होते. आता माझ्यासमोर शीट होती आणि मी चहा पीत वाचत होते. असो. माझ्याकडे नंबरही नाहीत, नुसते शब्द आहेत, अशी मी माझी समजूत घातली.

लॅपटॉपची बॅटरी बारा टक्क्यांवर आली तेव्हा मी खाली स्क्रोल केलं.

‘उरवडे आग’. ‘उरवडे कंपनी आग मृतांची नावे’. ‘उरवडे आग भरपाई’. ‘उरवडे आग मदत किती मिळाली’. ‘उरवडे कंपनी केस काय झाले’.

आणि हे दुसऱ्या टॅबमध्ये नव्हतं. पहिल्यात होतं, गुगलच्या यादीत. तिथे एकट्यादुकट्याचा शोध दिसत नाही.

७ जून २०२१, सोमवार, दुपारची वेळ. उरवडे हद्दीतल्या एका रसायन कंपनीत आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारं क्लोरिन डायऑक्साइड तिथे तयार व्हायचं, आणि कोविडच्या त्या दिवसांत सॅनिटायझरही. आतल्या लोकांना बाहेर पडता आलं नाही. जेसीबीने भिंत फोडून आत शिरावं लागलं. १७ कामगार गेले. त्यातल्या १५ बायका. ससूनला नेलेले मृतदेह ओळखू येत नव्हते, म्हणून डीएनए तपासणी करावी लागली. तुम्हाला आठवत असेल. दोन दिवस सगळीकडे तेच होतं. मग दुसऱ्या लाटेच्या बातम्यांनी ते झाकलं.

माझा लेख त्यानंतर तेरा महिन्यांनी आला. ‘उरवड्यातली लावणी’. त्यात आगीबद्दल एक शब्द नाही.

ब्रीफवर ढकलायला सोपं आहे. ‘मूड लाइट ठेव, वीकेंडचं पान आहे,’ असं मला सांगितलं होतं हे खरं. पण मी तो विषय काढलाच नव्हता, त्यामुळे कुणी नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही. आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. माझ्या मावसभावाची बायको त्याच पट्ट्यात दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. त्या सोमवारी मावशीने तिला किती फोन केले त्याला गणती नाही. कामावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे नुसती रिंग जात होती. वहिनी संध्याकाळी घरी आली तेव्हा मावशी पडवीत बसली होती आणि तिने वहिनीला पहिलं वाक्य काय म्हटलं, तर ‘‘चहा ठेव.’’ हे मला लावणीच्या दिवशी खाचरातच सांगितलं होतं. मी ऐकलं, हं म्हटलं आणि फोटोसाठी लाइट कमी होतोय म्हणून वर गेले.

तो जुना लेख पुन्हा वाचला. त्यात एक वाक्य आहे: ‘हल्ली लावणीला बायका मिळत नाहीत, मावशी उसासा टाकते.’ मस्त वाक्य वाटलं होतं तेव्हा. मावशीने उसासा वगैरे काही टाकला नव्हता. तिने कारण सांगितलं होतं: कंपनीत डोक्यावर पत्रा असतो, पाय कोरडे राहतात, आणि पगार महिन्याच्या महिन्याला येतो, बायका कशाला येतील चिखलात? मी कारण कापलं आणि उसासा घातला.

आणि मग त्याच शीटमधला शोध, जो मी आधी वरवर बघून पुढे गेले होते: ‘पिरंगुट एमआयडीसी लेडीज हेल्पर’. ‘उरवडे कंपनी लेडीज काम’. ‘पॅकिंग काम लेडीज मुळशी ८ तास पगार’. लेखात ‘कंपनी’, ‘बायका’, ‘काम’ हे शब्द होते, म्हणून गुगलने त्यांनाही माझ्याकडे पाठवलं. म्हणजे एकाच पानावर एक जण आगीत गेलेल्यांची नावं शोधत आलाय, आणि दुसरी कुणीतरी त्याच भागात नोकरी शोधत आलीये. दोघांनाही मी काय दिलं? पिठलं-भाकरी, ढगांचे फोटो आणि ‘मातीचा स्पर्श’.

 लावणी व्हिडिओवाले चार सेकंदांत पळत असणार, ते बरोबरच आहे. आगीचे शब्द टाकून आलेले मात्र थांबत असणार. शेवटपर्यंत खाली जाऊन बघत असणार, कुठेतरी येईल म्हणून.

एनी वे, रडत बसण्यात अर्थ नव्हता. लेबर कोर्टात प्रॅक्टिस करणारी एक मैत्रीण आहे, तिला फोन लावला. म्हटलं, ‘भरपाई’ शोधत कुणी आलं तर त्याला खरं उत्तर काय द्यायचं? ती म्हणाली, लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. मंत्री जाहीर करतात ती मदत. उरवड्याच्या वेळी राज्य सरकारने पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले होते, ती मदत. कायद्याने मिळते ती भरपाई वेगळी, आणि मदत मिळाली म्हणून ती बुडत नाही. २०२१ साली त्यासाठी १९२३चा कायदा लागू होता. कामावर मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, असा हिशोब. बाईचं वय पस्तीस असेल तर आकडा १९७.०६. तिला महिना दहा हजार पगार असेल तर पाच हजार गुणिले तो आकडा, म्हणजे ९ लाख ८५ हजार ३०० रुपये. हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त पंधरा हजार धरायचा. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. ‘‘आणि ते पैसे मालकाने घरच्यांच्या हातात द्यायचे नसतात,’’ ती म्हणाली, ‘‘आयुक्तांकडे जमा करायचे. घरी येऊन कुणी पाकीट दिलं, अंगठा घेतला, तर ती भरपाई नव्हे.’’

मग कंत्राटदारामार्फत लागलेल्यांचं? त्यांचंही मिळतं, मूळ कंपनीकडे मागता येतं, कंत्राटदाराकडून वसूल करणं ही कंपनीची डोकेदुखी. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर मात्र रस्ता दुसरा, तिथे वारसांना दर महिन्याला पैसे मिळतात. दाव्याला मुदत दोन वर्षांची, पण उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आलीये, त्यामुळे त्यानंतरच्या अपघातांना ती बघायची. एवढं सगळं तिने मला बारा मिनिटांत सांगितलं, मध्ये तिच्या पोराला दोनदा ओरडून. मी विचार करत होते, की ‘उरवडे आग भरपाई’ टाइप करणाऱ्याला या बारा मिनिटांपर्यंत पोहोचायला किती पानं पालथी घालावी लागत असतील. त्यातलं एक पान माझं.

मी डेस्कला मेल टाकली: जुन्या लेखात दुरुस्ती करायची आहे. डेस्कवरच्या मुलाने विचारलं, फॅक्ट चुकलंय का? म्हटलं, नाही, राहिलंय. तो जरा घोळला, जुना लेख कशाला उकरायचा म्हणाला, पण मुलगा चांगला आहे, लॉगिन उघडून दिलं.

उसासा काढला आणि कारण परत घातलं. आगीची तारीख, १७चा आकडा, १५चा आकडा. भरपाईचा हिशोब, उदाहरणासकट. नावं घातली नाहीत. ती त्यांच्या घरच्यांची आहेत, आणि माझ्या चिखलाच्या फोटोखाली ती असावीत असं मला वाटलं नाही. मग चिखल्याचं लिहिलं: पाय कोरडे करा, बरं वाटेना तर डॉक्टरला दाखवा. आता जुनी शीट समोर ठेवूनच बसले होते म्हटल्यावर बाकीच्यांनाही नाराज कशाला करा? उडीद वड्यांचं मावशीला विचारलं. ती म्हणाली, वाटताना पाणी जपून, आणि पीठ हाताने खूप फेटायचं. लेखाच्या तळाला तेही घातलं. ‘लावणी’ शब्दापुढे कंसात ‘भाताची’ टाकलं.

राहिली नोकरी शोधणारी. तिला काय सांगायचं ते मला सुचेना. ‘तिकडे जाऊ नका’ असं लिहिणारी मी कोण? मी एसीत बसून वीकेंडचं पान लिहिते, आणि तिला हप्ता भरायचाय. म्हणून वहिनीला फोन केला. ती शिफ्टवरून नुकतीच आली होती, मागे कुकरच्या शिट्ट्या. मी सांगितलं, वहिनी, असं असं आहे, बायका असं असं विचारतात, मी काय लिहू?

‘‘ताई, पगाराची चिठ्ठी देतात का ते आधी विचारायला सांगा. तोंडी नको. ईएसआयचं कार्ड करून घ्या म्हणावं, पहिल्याच महिन्यात.’’ मग थोडा वेळ नुसता कुकर. ‘‘आणि पहिल्या दिवशी आत गेलं ना, की दुसरं दार कुठाय ते बघून ठेवायचं. कुलूप असेल तर विचारायचं, चावी कुणाकडं असते. आमच्याकडं मी विचारलेलं. सुपरवायझर हसला. पण दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं.’’

जसंच्या तसं टाइप केलं आणि पाठवून दिलं. संध्याकाळी डेस्कचा मेसेज आला: लेख अपडेट झालाय, छान झालाय, फक्त या नवीन भागाला कीवर्ड काय देऊ?

मी कळवलंय. डब्ल्यूवालं उरवडे, व्हीवालं उरवडे, ‘उरवड्यात’, ‘उरवड्याला’, लेडीज हेल्पर, दुसरं दार.